लातूरच्या उन्हाळ्यात चॉकलेटची जोडबिस्किटं

आमच्या लातुरात मे महिन्यात बटर ओट्यावर काढून ठेवलं की वीस मिनिटात त्याचं पातळ वरण होतं, आणि हे कुठल्याच रेसिपीत लिहिलेलं नसतं. रेसिपीत काय असतं, तर "बटर रूम टेंपरेचरला आणून घ्या". आता कुणाच्या रूमच्या? जिथं ही असली, दोन बिस्किटांच्या मधे चॉकलेटचं सारण भरलेली जोडबिस्किटं जन्माला आली तिथल्या खोलीत १८-२० डिग्री असत असेल, आमच्याकडं बाहेर ४१ आणि गॅस पेटवलेल्या किचनमधे त्याहून वर. बटर साधारण ३२ ते ३५ डिग्रीला पूर्ण वितळतं. म्हणजे आमची रूमच बटरच्या वितळण्याच्या वर आहे, मंग ते बिचारं काय करणार.

मी पहिल्यांदा केली ती अशीच, भर मे मधे, लेकरांना सुट्ट्या लागलेल्या, सगळं माप बरोबर घेतलं, पीठ मळलं, गोल पाडले, ट्रेमधे चोवीस गोल मोजून ठेवले आणि बारा मिनिटांनी बघते तर चोवीसचं एकच झालेलं. पूर्ण ट्रेभर एक काळी पातळ पोळी, कडेला जळकी, मधे मऊ. आत्या (सासूबाईंना मी आत्याच म्हणते) मागं येऊन उभ्या, म्हणल्या, "ही भाकरी कशाची करायलीस गं?" लेकरांनी तोडून तोडून खाल्ली ती भाकरी, त्यामुळं वाया काही गेलं नाही, पण मला कळेना चुकलं कुठं. माप परत बघितलं, ओव्हन परत बघितला. चार वेळा बिघडवल्यावर डोक्यात उजेड पडला की मापात काही चूक नाही, सगळा खेळ थंड-गरमचा आहे. आता मी बारा महिने करते, उन्हाळ्यात सुद्धा, आणि माझ्या मते या बिस्किटाला ओव्हनपेक्षा फ्रीज जास्त लागतो.

आधी सामान. वजनकाटा असला तर लई बरं, नसला तर वाटी चालते पण वाटी एकच धरा, मधेच बदलू नका. मैदा २०० ग्रॅम, कोको पावडर ४० ग्रॅम, पिठीसाखर ११० ग्रॅम, बटर १३० ग्रॅम, बेकिंग पावडर पाव चमचा, व्हॅनिला एक चमचा, आणि थंड दूध दोन चमचे, ते पण लागलं तरच. एवढ्यात ५ सेंटीमीटरची साधारण ४५ ते ५० बिस्किटं निघतात, म्हणजे २२ ते २५ जोड्या. अंडं यात नाही आणि मुद्दामच नाही, एक तर घरात चालत नाही आणि दुसरं म्हणजे अंड्यानं बिस्कीट जरा फुगतं, आपल्याला फुगायला नकोय, सपाट आणि खुसखुशीत पाहिजे.

बटर नेहमीचं खारं असेल तर वरून मीठ घालू नका, बिनमिठाचं असेल तर चिमटीभर घाला, चॉकलेटला मीठ लागतंच, नाहीतर नुसतं गोड गोड लागतं. घरचं लोणी वापरायचं तर ताक पूर्ण धुऊन काढा, बर्फाच्या पाण्यात दोन-तीनदा, आणि हातानं दाबून पाणी काढा, नाहीतर बिस्कीट कडक दगड होतं. तूप वापरलं तर १३० ऐवजी १०५ ग्रॅमच घ्या कारण बटरमधे ८० टक्क्यांच्या आसपासच फॅट असतं, बाकी पाणी आणि थोडं मीठ, तूप म्हणजे जवळपास सगळं फॅटच. आणि तूप फ्रीजमधे ठेवून चांगलं घट्ट झालेलं घ्या, पातळ नाही. पण खरं सांगू का, तुपाची चव नानकटाईकडं जाते. छान लागते, पण मंग ती चॉकलेटची नानकटाई झाली. मी बटरच वापरते.

पिठीसाखर घरी मिक्सरमधे केली तरी चालते, त्यात एक चमचा कॉर्नफ्लॉवर टाकायचं म्हणजे गोळे होत नाहीत. पण इथं एक मेख आहे. मिक्सरमधून काढलेली साखर गरम असते. हात लावून बघा एकदा, चांगली कोमट लागते, आणि ती तशीच बटरवर टाकली की बटर तिथंच पाणी व्हायला सुरू होतं. मला हे कळायला वर्ष गेलं. आता मी साखर आदल्या दिवशीच दळून ठेवते.

कोकोबद्दल जरा जास्त सांगते, कारण दुकानात दोन तऱ्हेचा मिळतो आणि दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो दोन्ही सेम आहे, घेऊन जा. सेम नाही. एक असतो साधा, नॅचरल, जो चवीला जरा आंबटसर असतो आणि रंगानं फिका. दुसरा असतो डच प्रोसेस, म्हणजे त्यावर अल्कली टाकून आंबटपणा मारलेला, रंग गडद, चव गुळगुळीत. खाण्याचा सोडा फुलायला आंबट काहीतरी लागतं, म्हणून सोडा घातलेल्या रेसिपीत नॅचरल कोको बरा, आणि डचबरोबर बेकिंग पावडर. वर मी बेकिंग पावडर सांगितली आहे त्यामुळं कुठलाही चालून जाईल, पण डच मिळाला तर तोच घ्या. आणि ते बाजारातलं काळंकुट्ट बिस्कीट असतं ना, ओरिओसारखं, तो रंग लई जास्त अल्कली मारलेल्या कोकोचा असतो. आपल्या घरचं बिस्कीट तपकिरीच होणार, काळा रंग बिंग टाकत बसू नका.

आता पिठात एक आमचा बदल. २०० ग्रॅम मैद्यातला ५० ग्रॅम काढून तेवढंच ज्वारीचं पीठ घाला. आमच्याकडं घरात ज्वारी कायम असते, परभणी मोती असो नाहीतर मालदांडी, दोन्ही चालते. ज्वारीत ग्लूटेन नसतं, म्हणजे चिवटपणा धरायला काही नसतं, त्यामुळं बिस्कीट तोंडात टाकलं की भुसभुशीत विरघळतं. पण ५० च्या वर जाऊ नका, मी एकदा जोशात निम्मं निम्मं केलं तर उचलताना सगळ्यांचे तुकडे, आणि तुकड्यांची जोडी लावता येत नाही. पीठ अगदी बारीक पाहिजे, भाकरीच्या पिठाला वरून परत मैद्याच्या चाळणीनं चाळून घ्या, नाहीतर दाताखाली कचकच लागते.

करायचं एकाच पातेल्यात. २०१६ ला आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, तेव्हापासून लातूरकर बाईला भांडी मोजून वापरायची सवय लागलीय, ती नळाला रोज पाणी आलं तरी जाणार नाही. तर मोठं पसरट पातेलं घ्या आणि उन्हाळा असेल तर ते पण दहा मिनिटं फ्रीजमधे ठेवा. बटर फ्रीजमधून काढायचं, छोटे तुकडे करायचे आणि पाच-सात मिनिटंच बाहेर ठेवायचं. बोटानं दाबलं तर खड्डा पडला पाहिजे पण बोट चकचकीत व्हायला नको. बोटाला तेलकट चकाकी आली की समजा जास्त झालं, परत आत. हिवाळ्यात हेच तासभर बाहेर ठेवावं लागतं, डिसेंबरात तर आमचं बटर सकाळी दगड असतं.

बटर आणि पिठीसाखर लाकडी चमच्यानं किंवा बीटरनं एकजीव करा. केकसारखं पांढरंफेक फेटायचं नाही बरं का. जास्त फेटलं की हवा भरते, हवा भरली की बिस्कीट फुगतं आणि पसरतं. दीड-दोन मिनिट, नुसतं साखर मिसळेपर्यंत. व्हॅनिला टाका. मंग मैदा, ज्वारी, कोको, बेकिंग पावडर सगळं एकदम त्याच पातेल्यावर चाळणी धरून चाळा. आता चमचा बाजूला ठेवा आणि बोटांच्या टोकांनी कालवा, तळहात लावू नका कारण तळहात गरम असतो. आधी ओल्या वाळूसारखं होईल, वाटेल की काही हे गोळा होत नाही, घाबरून दूध ओतू नका. मुठीत दाबून बघा, मूठ उघडल्यावर लाडू टिकला तर दूध लागतच नाही. फुटला तर एक चमचा थंड दूध, परत बघा. कणकेसारखं मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मळलं की चिवट होतं, बिस्कीट लाटताना आक्रसतं आणि गोल पाडलेलं अंड्यासारखं लांबट होतं.

आता बाकी सगळे सांगतात की गोळा फ्रीजमधे ठेवा आणि मंग लाटा. मी उलटं करते. थंड गोळा लाटायला घेतला की आधी कडेला भेगा पडतात, मंग तो मऊ होईपर्यंत थांबायचं, तोपर्यंत किचनच्या गरमीत वरचा भाग वितळतो आणि आतला दगड राहतो. म्हणून पीठ झालं की लगेच लाटायचं आणि लाटलेली पोळी थंड करायची. दुधाच्या दोन मोठ्या पिशव्या स्वच्छ धुऊन, पुसून, कडा कापून उघड्या करा, त्या दोन्हीच्या मधे गोळा ठेवा आणि वरून लाटणं फिरवा. बटर पेपर असला तर तो, पण पिशवी मस्त सुटते. पीठ भुरभुरवायची गरजच नाही, कोकोच्या बिस्किटावर मैद्याचे पांढरे डाग राहतात ते दिसायला घाण दिसतात.

जाडी ४ मिलीमीटर, आणि सगळीकडं सारखी. हे महत्वाचं आहे, कारण एकाच ट्रेमधे पातळ असलेलं जळतं आणि जाड असलेलं कच्चं राहतं, आणि जोडी लावताना एक बाजू वर एक खाली. आईस्क्रीमच्या चपट्या काड्या असतात ना, त्या दोन-दोन एकावर एक चिकटवून गोळ्याच्या दोन्ही बाजूला ठेवायच्या आणि लाटण्याची दोन टोकं त्यावरून फिरवायची, त्याखाली लाटणं जातच नाही. माझ्या पोरानं वर्षभर काड्या जमवल्यात, शाळेच्या प्रोजेक्टला म्हणून, निम्म्या माझ्याकडं आल्या.

ती पोळी पिशवीसकट स्टीलच्या ताटलीवर सरकवा आणि फ्रीजमधे ४० मिनिटं, किंवा फ्रीझरमधे १५. बाहेर काढली की पाटीसारखी कडक झाली पाहिजे, एका टोकाला धरली तर वाकायला नको. मंग छोट्या वाटीनं किंवा स्टीलच्या पेल्यानं गोल पाडा, पेल्याची कड धारदार असते, बरा पडतो. निम्म्या गोलांना मधे बाटलीच्या टोपणानं भोक पाडलं तर आतलं चॉकलेट दिसतं, लेकरांना आवडतं, पण मोठ्या टोपणानं पाडू नका, तुटतं. उरलेल्या कातरणी परत गोळा करून परत लाटा, परत थंड करा, दोनदा चालतं, तिसऱ्यांदा चिवट होतं. तिसऱ्या वेळची कातरण मी तशीच वेडीवाकडी भाजते, आणि ट्रे गार व्हायच्या आतच ती कुणीतरी खाऊन टाकतं.

प्रत्येक गोलाला काट्याच्या चमच्यानं चार-पाच टोचे मारा. वाफेला वाट मिळाली नाही तर मधे पुरीसारखा फुगा येतो, आणि फुग्यावर फुगा ठेवला की आतलं सारण एका बाजूनं निसटतं. टोचे मारलेला ट्रे परत १० मिनिटं फ्रीजमधे. हो, परत. उन्हाळ्यात हे टाळलं तर माझी भाकरी आठवा.

ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, असेल तर १७० डिग्रीला १० मिनिटं आधी तापवा, मधला रॅक, खालचे-वरचे दोन्ही रॉड, ११ ते १३ मिनिटं. पण ओटीजीच्या काट्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, माझा १५ डिग्रीनं खोटं बोलतो. शिवाय संध्याकाळी आमच्या गल्लीत व्होल्टेज पडतं, तेव्हा रॉड लालच होत नाही, तेवढ्यासाठी मी दुपारी दोन-तीनच्या सुमाराला भाजते. आधी दोनच बिस्किटं टाकून बघा, पूर्ण ट्रे नाही. ही दोन पसरली तर बाकीच्यांना अजून थंड करा, जळली तर १० डिग्री कमी करा. पंधरा मिनिटाचं काम आहे पण चाळीस बिस्किटं वाचतात.

कोकोच्या बिस्किटाचा एक वांधा म्हणजे झालं की नाही ते रंगावरनं कळत नाही, आधीच तपकिरी, त्याला आणि काय लाली येणार. मी तीन गोष्टी बघते. एक, वास. चॉकलेटचा वास किचनच्या बाहेर हॉलमधे पोचला की दोन मिनिटात काढायचं असतं, आणि तो वास कडवट व्हायला लागला की उशीर झाला. दोन, कड बोटानं हळूच दाबा, घट्ट लागली पाहिजे, मधे अजून किंचित मऊ असलं तरी चालतं. तीन, वरची ओली चकाकी जाऊन मॅट झालं पाहिजे. ओव्हनमधून काढल्यावर ते मऊच असतं, सगळ्यांना वाटतं कच्चं राहिलं आणि परत आत ढकलतात, गार झालं की मंग त्याची वीट होते. ट्रेवरच पाच मिनिटं राहू द्या आणि मंग उलथन्यानं जाळीवर काढा. भाजताना मधेच लाईट गेली तर ओव्हनचं दार उघडू नका, आतल्या उष्णतेवर ते पुढची काही मिनिटं भाजतच राहतं, शेवटच्या तीन-चार मिनिटात लाईट गेली असेल तर तेवढ्यावर होऊनच जातं.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची जुनी लोखंडी कढई, तळाला दीड वाटी जाडं मीठ, त्यावर रिंग, त्यावर ताटली, वरून घट्ट झाकण. मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा आणि मंग एकदम बारीक आचेवर १६ ते १८ मिनिटं, एका वेळेला सहा-सात. झाकणाच्या आतून कापड बांधा, वाफेचं पाणी बिस्किटावर पडत नाही. कुकरमधे पण होतं, शिट्टी आणि रिंग काढून, पण रोजच्या वरणाच्या कुकरला हे करू नका, कोरडा तापून तळ काळा पडतो आणि मंग घरात बोलणी बसतात. ते मीठ डब्यात भरून ठेवा, पुढच्या वेळेला हेच, फक्त भाजीत टाकू नका.

भट्टीचं पण सांगते. आमच्याकडं दिवाळीत, सुट्ट्यात मैदा-तूप-साखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचं आणि किलोमागं पैसे देऊन नानकटाई भाजून आणायची ही जुनीच पद्धत. माझ्या डोक्यात आलं की ५० बिस्किटं कढईत कोण भाजत बसेल, घेऊन जाऊ. गेले. भट्टीवाल्यानं पाव काढल्या काढल्या माझे ट्रे आत सारले, पाव भाजतात ती आच म्हणजे दोनशेच्या वर, आणि तो सवयीनं लालीची वाट बघत बसला. कोकोला लाली कुठून येणार. बाहेर आले ते कोळशाचे गोल, तरी त्यानं वर म्हणलं, "मस्त कडक झालेत ताई." त्याची चूक नाही म्हणा, मीच सांगायला पाहिजे होतं. जायचंच असेल तर शेवटी, भट्टी उतरल्यावर जा आणि घड्याळ हातात धरून उभ्या रहा.

आता सारण. हे दोन तऱ्हेनं करते, घरी खायचं असलं तर गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण, प्रवासाला पाठवायचं असलं तर दुसरं.

गनाशला १५० ग्रॅम डार्क चॉकलेट, ६० मिली फ्रेश क्रीम, १५ ग्रॅम बटर. चॉकलेट घेताना पाकिटाच्या मागं वाचा. खऱ्या चॉकलेटमधे कोको बटर असतं, ते साधारण ३४ डिग्रीला वितळतं, म्हणून तर तोंडात ठेवलं की पाणी होतं. कंपाउंड नावाचं जे चॉकलेट मिळतं त्यात कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती फॅट असतं, मागं हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते स्वस्त आणि गरमीत जास्त टिकतं पण जिभेवर मेणासारखा एक थर राहतो. लोक कंपाउंडला नावं ठेवतात, मी ठेवत नाही, लातूरच्या मे मधे त्याचा उपयोग आहे, पुढं सांगते. पण गनाशला खरंच घ्या.

चॉकलेट सुरीनं बारीक चिरा, खडे ठेवू नका. क्रीम छोट्या पातेल्यात बारीक गॅसवर ठेवा आणि तिथून हलू नका. कडेनं बुडबुडे आले, मधे अजून शांत आहे, तेव्हाच उतरवा. आपल्याकडं जे खोक्यातलं फ्रेश क्रीम मिळतं त्यात २५ टक्के फॅट असतं, खळखळून उकळलं की ते फाटतं. गरम क्रीम चॉकलेटवर ओता, वर ताटली झाका, दोन मिनिटं हात लावू नका. मंग चमचा मधोमध धरून छोटे छोटे गोल फिरवा, आधी वाटेल सगळं बिघडलं, दूध वेगळं चॉकलेट वेगळं, आणि फिरवता फिरवता मधे एक चकचकीत काळा ठिपका तयार होतो, तो वाढत वाढत कडेपर्यंत येतो. ते बघायला मला अजून पण मजा वाटते. शेवटी बटर टाका आणि फिरवा.

फुटलं, म्हणजे वर तेल तरंगायला लागलं, तर टाकून देऊ नका. एक चमचा कोमट दूध घालून परत मधून फिरवा, लागलं तर अजून एक. येतं परत. पण नुसतं चॉकलेट गरम पाण्याच्या पातेल्यावर वाटी ठेवून वितळवताना त्यात पाण्याचा एक थेंब जरी पडला तरी ते रवाळ घट्ट ढेकूळ होतं, तो वेगळा आजार. माझं वाफेनं झालं होतं, खालच्या पातेल्यातलं पाणी खळखळ उकळत होतं आणि वाफ वर वाटीत. त्या ढेकळात मंग गरम दूध ओतून पोरांना प्यायला दिलं. खालचं पाणी नुसतं गरम पाहिजे, उकळतं नको, आणि वाटी कोरडी ठणठणीत.

गनाश झाल्या झाल्या भरायला जाऊ नका, ते वाहतं. आपल्या श्रीखंडाएवढं घट्ट होईपर्यंत थांबा, चमच्यावरनं पडायला नाखूष असलं पाहिजे. हिवाळ्यात ओट्यावर दीड-दोन तासात होतं, उन्हाळ्यात ओट्यावर रात्र झाली तरी होत नाही, तेव्हा फ्रीजमधे ठेवायचं आणि दर दहा मिनिटांनी हलवायचं, नाहीतर कडेला दगड आणि मधे पाणी. मे मधे क्रीम ६० ऐवजी ५० मिलीच घेते मी.

चवीला बदल पाहिजे तर क्रीम गरम करतानाच त्यात जालन्याच्या मोसंबीची साल किसून टाका, फक्त वरची, पांढरी आली की कडू, आणि गाळून घ्या. दुसरा माझा लाडका प्रकार कुंथलगिरीच्या खव्याचा. धाराशिवकडून कुणी आलं की खवा येतोच, त्यातला १०० ग्रॅम मंद आचेवर पाच मिनिटं परतून पूर्ण गार करायचा, दोन चमचे पिठीसाखर, आणि वितळवलेलं ८० ग्रॅम चॉकलेट त्यात घोटायचं. पेढ्याची चव येते मागून. आत्यांना गनाश "कडू काढा" वाटतो, हे मात्र त्या दोन-दोन उचलतात. खव्याचं सारण फ्रीजमधे ठेवा आणि दोन दिवसात संपवा.

प्रवासाचं सारण म्हणजे ज्यात पाणी नाही. बटर, क्रीम काही नाही, १८० ग्रॅम कंपाउंड वितळवायचं, एक चमचा साधं तेल, संपलं. माझी भाची पुण्याला हॉस्टेलवर असते, तिला एसटीनं डबा जातो, गनाशवाला पाठवला तेव्हा तिचा फोन आला की मावशी, बिस्किटं एकीकडं आणि चॉकलेट डब्याच्या झाकणाला. कंपाउंडवाला नीट पोचतो. डब्यात कागद घालून आडवी नाही, उभी रचा, बांगड्या ठेवतात तशी, आणि पिशवीत शेजारी टॉवेलमधे गुंडाळलेली बर्फ झालेली पाण्याची बाटली.

भरायच्या आधी जोड्या लावून घ्या. सगळी बिस्किटं ताटात पसरायची आणि मापाला माप बघून दोन-दोन बाजूला काढायची, हे काम मी आत्यांना देते, त्या एकेक उचलून दोन्ही बाजूनं बघतात, "हा हिच्यापेक्षा उंच आहे, नाही जमायचं." बिस्किटं पूर्ण गार पाहिजेत, ओठाला लावून बघा, हाताला गार वाटलं तरी ओठाला कोमट कळतं. गरमवर सारण टाकलं की वितळून सांडतं.

सपाट बाजू आत घ्यायची, टोच्याची बाजू बाहेर. गनाश भरणार असाल आणि बिस्कीट दोन-तीन दिवस कडक राहायला पाहिजे असेल तर आतल्या बाजूला आधी वितळवलेल्या चॉकलेटचा पातळ हात फिरवा, ब्रशनं नाहीतर बोटानं, आणि सुकू द्या. क्रीममधलं पाणी बिस्किटात मुरतं, हा थर ते अडवतो. मेंदीच्या कोनासारखा प्लॅस्टिकचा कोन करून त्यात गनाश भरा आणि मधोमध सुपारीपेक्षा जरा मोठा गोळा सोडा, कडेनं अर्धा सेंटीमीटर मोकळं ठेवून. दुसरं बिस्कीट वर ठेवा आणि दाबायचं नाही, हलकंच फिरवत खाली आणायचं, बाटलीचं झाकण लावल्यासारखं. गनाश आपोआप कडेपर्यंत येतं. सरळ दाबलं तर बिस्कीट मधे तडकतं, ज्वारीचं तर नक्कीच. मंग २० मिनिटं फ्रीजमधे, म्हणजे जोडी पक्की बसते.

न भरलेली बिस्किटं घट्ट डब्यात दहा-बारा दिवस राहतात, म्हणून मी बिस्किटं एकदम करते आणि लागतील तशी भरते. पावसाळ्यात मऊ पडली तर भरायच्या आधी १५० डिग्रीला पाच मिनिटं परत तापवून गार करायची, कुरकुरीत होतात. गनाश भरलेली फ्रीजमधे चार दिवस, आणि खायच्या आधी दहा मिनिटं बाहेर, मे मधे पाचच. कोनात उरलेलं गनाश कोनासकट फ्रीजमधे टाका, सकाळी कपभर गरम दुधात दोन बोटं पिळलं की लेकरं दूध मागून घेतात.